मायक्रोवेव्हातला झटपट मग केक: चव चांगली, पण पाकिटावरची वेळ पाळू नका

पाकीट फोडा, मगात ओता, दूध घालून ढवळा, मायक्रोवेव्हात ठेवा, दीड मिनिटात गरमागरम चॉकलेट केक तयार. या झटपट पाकिटांवर एवढंच लिहिलेलं असतं आणि रात्री जेवण झाल्यावर काहीतरी गोड पाहिजे, पण ओव्हन तापवायचा नाही, भांडी काढायची नाहीत, चार माणसांचं करून एकट्याने संपवायचं नाही अशा वेळेला ते वाचूनच बरं वाटतं. मी हा प्रकार वेगवेगळ्या मगांत, कमीजास्त वेळ ठेवून, दुधात आणि पाण्यात असा सगळ्या तऱ्हेने करून बघितलाय, त्यामुळे मत आधीच सांगून टाकते. चव चांगली आहे, मी परत आणणार आहे, पण पाकिटावरची पूर्ण वेळ लावलीत तर बहुतेकांना वातड गोळा मिळेल. वेळ कमी करा आणि कापून खायचा केक म्हणून न बघता चमच्याने खायचं गरम पुडिंग म्हणून खा, मग खरंच मस्त लागतं.

आधी पाकिटात काय आहे ते बघू. माझ्याकडचं पाकीट ७० ग्रॅमचं होतं, एका माणसापुरतं. घटकांच्या यादीत सगळ्यात आधी साखर, मग मैदा, मग कोको, नंतर वनस्पती तेलाची पावडर, स्टार्च, फुगवणारे क्षार, इमल्सिफायर, मीठ आणि वास. यादीत जे आधी येतं ते वजनाने जास्त असतं, म्हणजे इथे मैद्यापेक्षा साखर जास्त आहे. एका पाकिटात ३२ ग्रॅम साखर लिहिलेली होती. जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची शिफारस अशी आहे की वरून घातलेली साखर दिवसभराच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, जमलं तर ५ टक्क्यांच्या आत, आणि ५ टक्के म्हणजे मोठ्या माणसाला साधारण २५ ग्रॅम. एका मगात तो आकडा ओलांडला जातो, त्यामुळे रोज रोज खायची ही गोष्ट नाही, दोघांत एक केलं तर जास्त बरं. पण साखर एवढी का घालतात त्यालाही कारण आहे, ती फक्त गोडीसाठी नसते, ती पाणी धरून ठेवते आणि मैद्याला घट्ट होऊ देत नाही, साखर कमी केली की असा केक अजून कोरडा होतो. म्हणून ‘कमी साखरेचं’ लिहिलेलं पाकीट दिसलं तर त्यात मऊपणासाठी दुसरं काय घातलंय ते वाचून घ्या.

करायला सोपं आहे यात वादच नाही. मगात पूड, त्यात चार टेबलस्पून म्हणजे ६० मिली दूध, आणि ढवळायचं. चमच्यापेक्षा काट्याने ढवळा, कारण मगाच्या तळाशी जो कोपरा असतो तिथे कोरडी पूड चिकटून बसते आणि चमचा तिथे पोचत नाही, मग खाताना शेवटच्या घासाला कच्चा मैदा तोंडात येतो. हे नुसतं चवीपुरतं नाही, कच्चा मैदा हा कच्चाच पदार्थ असतो, त्यात जंतू असू शकतात, म्हणून तळ नीट खरवडून ढवळणं ही या रेसिपीतली सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे आणि पाकिटावर तिला एका शब्दात उरकलंय, ‘ढवळा’. ढवळून झालं की मिनिटभर तसंच ठेवलं तर मैदा दूध पिऊन घेतो आणि गुठळ्या कमी होतात, पण फार वेळ ठेवू नका, बेकिंग पावडरीतला एक भाग ओला झाल्या झाल्याच काम सुरू करतो, दुसरा भाग उष्णता लागल्यावर. उगाच दहा मिनिटं ठेवलंत तर पहिला वायू हवेत निघून जाणार.

पाण्यात करता येतं असं पाकिटावर लिहिलंय आणि खरंच करता येतं, फुगतंही तेवढंच, पण चव सपाट होते. दुधातली थोडीशी चरबी आणि प्रथिनं यांनी फरक पडतो. माझं स्वतःचं आवडतं म्हणाल तर दूध थोडं कमी करून त्याच्या जागी एक चमचा तेल. तेल मैद्याच्या कणांना लेप देतं, ग्लुटेनचे, म्हणजे मैद्यातल्या चिवट प्रथिनाचे, धागे लांब होऊ देत नाही, आणि मुख्य म्हणजे तेलाची पाण्यासारखी वाफ होऊन जात नाही त्यामुळे मऊपणा टिकतो. एवढ्या एका चमच्याने जो फरक पडतो तो बघून असं वाटतं की कंपन्यांनी ही सूचना पाकिटावर का नाही दिली, सगळ्यांच्या घरात तेल असतंच की.

आता मुख्य मुद्दा, वेळ. पाकिटावर लिहिलंय ‘हाय पॉवरवर ७० ते ९० सेकंद’. कुठल्या मायक्रोवेव्हात? ते लिहिलेलंच नाही, आणि माझी या प्रकाराबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. घरगुती मायक्रोवेव्ह ६०० वॉटचा असतो, ७०० चा असतो, ८०० चा, १००० चाही असतो आणि ‘हाय’ म्हणजे त्या त्या मशीनची पूर्ण ताकद. हिशोब सोपा आहे, वॉट गुणिले सेकंद. ८०० वॉटला ७० सेकंद लागत असतील तर तेवढीच उष्णता द्यायला १००० वॉटला ५६ सेकंद पुरतात, ७०० ला ८० लागतात आणि ६०० ला ९३ च्या आसपास. म्हणजे ज्यांच्याकडे १००० वॉटचा आहे त्यांनी इमानदारीत ९० सेकंद लावले तर त्यांनी जवळपास दीडपटीपेक्षा जास्त शिजवलं, आणि मग हेच लोक ‘बेकार प्रॉडक्ट, दगड झाला’ असं म्हणणार, त्यांची काय चूक. आपल्या मशीनचे वॉट दाराच्या आतल्या कडेला किंवा पाठीमागच्या पट्टीवर लिहिलेले असतात, तिथे बरेचदा दोन आकडे असतात, एक मशीन वीज किती खेचते त्याचा आणि दुसरा आत पदार्थाला किती मिळते त्याचा. आपल्याला दुसरा, म्हणजे ‘आउटपुट’ लिहिलेला लहान आकडा बघायचाय.

दहा-पंधरा सेकंदांनी एवढं काय बिघडतं असं वाटेल, पण इथेच सगळी गंमत आहे. मायक्रोवेव्ह मुख्यतः पदार्थातलं पाणी तापवतो. खोलीच्या तापमानाचं एक ग्रॅम पाणी उकळीपर्यंत न्यायला तीनशे-सव्वातीनशे ज्यूल लागतात, पण त्याची वाफ करायला साधारण २२६० ज्यूल. म्हणजे मगातलं मिश्रण एकदा शंभर अंशांच्या जवळ पोचलं की त्याच्यापुढे तुम्ही जेवढे सेकंद लावाल ते शिजवण्यासाठी नाहीत, ते फक्त पाणी उडवण्यासाठी आहेत. ८०० वॉटची सगळी ताकद लागली असं धरलं तर दर १० सेकंदाला साडेतीन ग्रॅम पाणी जातं. मोठ्या केकच्या टिनमध्ये एवढं पाणी गेलं तर कळणारही नाही, पण मगात मुळात दुधाचं पाणीच ५०-५५ ग्रॅम असतं, त्यातून वीस सेकंदात सहा-सात ग्रॅम गेलं की केक कोरडा आणि वातड. त्यात आणि उडून जातं ते आतलं पाणी, कारण ओव्हनमध्ये बाहेरची हवा गरम असते आणि वरचा थर आधी वाळून कवच होतो, इथे आतली हवा गारच असते, पदार्थच तापतो, कवच काही होत नाही, वाफेला सगळीकडून वाट मोकळी.

त्यामुळे मी काय करते ते सांगते. ८०० वॉटला आधी ४० सेकंद, मग दार उघडून बघायचं, मग १०-१० सेकंदांनी. कडा मगापासून जराशा सुटल्यात, वरचा बहुतेक भाग कोरडा दिसतोय आणि मधोमध रुपयाएवढा चकाकणारा ओलसर डाग राहिलाय, की बंद. बाहेर काढून एक मिनिट झाकण न ठेवता तसाच ठेवायचा, कारण बाहेर काढल्यावरही आतली उष्णता शिजवत राहते आणि तो मधला डाग त्या मिनिटात बसतो. मिनिटभर थांबा असं पाकिटावरही आहे पण बारीक अक्षरात, ते ठळक पाहिजे होतं. फक्त एक लक्षात ठेवा, ओलसर चालेल, कच्चं नाही. काटा तळापर्यंत घालून बघा, खालून पातळ पीठ लागलं तर अजून १० सेकंद द्या. घरात अन्नाचा थर्मामीटर असेल तर प्रश्नच नाही, मधोमध ७५ अंश सेल्सिअस दिसले की झालं.

केकचा मग फिरत्या काचेवर मधोमध न ठेवता कडेला ठेवा. मायक्रोवेव्हमधल्या लहरींची लांबी साधारण १२ सेंटीमीटर असते आणि त्यामुळे आत काही जागा जास्त तापणाऱ्या आणि काही कमी तापणाऱ्या तयार होतात, सहा-सहा सेंटीमीटरच्या अंतराने. मधोमध ठेवलेला मग एकाच जागेवर गोल फिरत बसतो, कडेला ठेवलेला मग गरम आणि थंड अशा दोन्ही जागांतून जातो, त्यामुळे जास्त सारखा शिजतो. हा फरक मला सगळ्यात स्वस्तात मिळालेला फायदा वाटतो, काही घालायचं नाही काही मोजायचं नाही.

मगाबद्दल पण बोललंच पाहिजे. ३०० मिलीपेक्षा लहान मग घेऊ नका, मिश्रण दुपटीच्या वर फुगतं आणि लहान मगातून बाहेर येऊन काचेवर सांडतं, आणि तिथे वाळलं की घासत बसा. सरळ उभ्या बाजूंचा, खाली निमुळता न होणारा मग सगळ्यात चांगला. सोनेरी किंवा चंदेरी रेघ असलेला मग आत अजिबात घालू नका, ठिणग्या उडतात. मेलामाइनचाही नको, ते मायक्रोवेव्हासाठी नसतं. आपला मग चालतो का हे बघायचं असेल तर तो रिकामा मग आणि त्याच्या शेजारी पाण्याने भरलेला दुसरा चालणारा कप ठेवून एक मिनिट लावा, पाणी तापलं आणि रिकामा मग गारच राहिला तर चालतो, मगच तापला तर तो वापरू नका. आणि लहान मुलं स्वतः करत असतील तर बाहेर मोठ्यांनीच काढावा, मगाचा कान गार लागला तरी आतली वाफ आणि गरम साखर भाजते चांगलीच.

चवीकडे येते. कोकोचा वास छान येतो, अगदी दार उघडल्यापासून, आणि गोडी माझ्या तोंडाला थोडी जास्त असली तरी चिमूटभर मीठ आणि पाव चमचा इन्स्टंट कॉफी घातली की लगेच बरोबर होते, कॉफीची चव वेगळी कळत नाही, फक्त चॉकलेट गडद लागतं. घरात चॉकलेटची वडी असेल तर एक-दोन तुकडे मिश्रणात मधोमध अर्ध्यापर्यंत दाबून ठेवा, कोको बटर ३४-३५ अंशांनाच वितळतं त्यामुळे ते आत सॉस होऊनच येतं, आणि पाकिटावरच्या चित्रात जो वाहणारा सॉस दाखवलाय तो फक्त याच मार्गाने मिळतो, नुसत्या पुडीतून मिळत नाही. ते चित्र मला खटकलं. वरचा भाग तडकलेला, कडा खरपूस, असं दाखवलंय, आणि मायक्रोवेव्हात तसं होऊच शकत नाही. खरपूस रंग आणि भाजल्याचा वास ज्या प्रक्रियेने येतो, फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मायार यांनी १९१२ मध्ये मांडलेली, ती जोरात चालायला पृष्ठभाग कोरडा आणि शंभर अंशांच्या बराच वर जावा लागतो, इथे पाणी असेपर्यंत तो तिथे पोचत नाही. ओव्हनमध्ये भाजलेल्या केकचा फोटो मायक्रोवेव्हच्या पाकिटावर छापू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मैद्याने केक जड होतो ही दुसरी तक्रार आणि ती मायक्रोवेव्हच्या माथी मारता येणार नाही. स्पेनमधल्या एल बुली रेस्टॉरंटमध्ये आल्बेर्त आद्रिया यांनी मायक्रोवेव्हातच स्पंज करायची पद्धत काढली होती, मिश्रणात मैदा अगदी थोडा, अंडं भरपूर, सायफनने, म्हणजे दाबाने गॅस भरायच्या बाटलीने, गॅस भरून फेस करायचा, कागदी कपात घालायचा आणि पाऊण मिनिटाच्या आसपास लावायचं, आणि तो स्पंज अतिशय हलका, जाळीदार होतो. म्हणजे मशीनला हलका केक करता येतो, फक्त हवा आधीपासून मिश्रणात भरलेली पाहिजे. पाकिटातल्या पुडीत काट्याने ढवळून तेवढी हवा जाणार नाही, हे मान्य आहे, पण त्यातला मैदा कमी करून हलकेपणा वाढवायला कंपनीला जागा आहे.

आणि चॉकलेटचं आणि या मशीनचं नातं तसं जुनंच. १९४५ मध्ये रेथिऑन कंपनीतले इंजिनिअर पर्सी स्पेन्सर रडारच्या मॅग्नेट्रॉनजवळ, म्हणजे लहरी तयार करणाऱ्या नळीजवळ, उभे होते आणि त्यांच्या खिशातली चॉकलेटची वडी वितळली, असं सांगतात, त्यातून १९४७ मध्ये पहिला मायक्रोवेव्ह बाजारात आला, माणसाएवढा उंच आणि ३४० किलोच्या आसपास वजनाचा. ओट्यावर मावेल असं घरगुती मॉडेल लोकांपर्यंत यायला १९६७ उजाडलं. आपण आज एका मगासाठी तो लावतो हे मला फार आवडतं.

वरून आइस्क्रीम घालायचं असेल तर बाहेर काढून मिनिटभर झाल्यावरच घाला. १९६९ मध्ये निकोलस कुर्ती या भौतिकशास्त्रज्ञांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायक्रोवेव्ह वापरून बाहेरून थंड आणि आतून गरम असा पदार्थ करून दाखवला होता, कारण गोठलेलं पाणी या लहरी फारच कमी शोषतं. पण ते कौशल्याचं काम आहे, घरी आइस्क्रीम मगातच ठेवून लावलंत तर कडेने वितळून सगळं पातळ होईल.

खायचं मात्र लगेच. पाच-दहा मिनिटांत खाल्लं तर मऊ, अर्ध्या तासाने तेच घट्ट आणि वातड, कारण गार होताना स्टार्च परत आवळून बसतो आणि या पद्धतीत आधीच ओलावा कमी झालेला असतो. उरलेला फ्रीजमध्ये ठेवून उद्या खाऊ असं करू नका, फ्रीजमध्ये ते आवळणं अजून वेगाने होतं. अगदीच उरला तर एक चमचा दूध शिंपडून १० सेकंद गरम करा, बऱ्यापैकी परत मऊ होतो, पण मूळची मजा नाही. पाहुण्यांसाठी आधी करून ठेवायचा हा पदार्थ नव्हे.

घरी सगळं मिसळून केलं तर काय वाईट, असं विचाराल तर अजिबात वाईट नाही. चार टेबलस्पून मैदा, तीन साखर, दोन कोको, पाव टीस्पून बेकिंग पावडर, चिमूट मीठ, चार टेबलस्पून दूध, दोन टेबलस्पून तेल, एवढ्यात पाकिटापेक्षा चांगला मग केक होतो, आणि साखर आपल्या हातात राहते. अंडं घालायचा मोह टाळा, एक अख्खं अंडं ५० ग्रॅमच्या आसपास, एवढ्याशा मिश्रणाला ते फार होतं आणि केकाऐवजी गोड ऑम्लेटकडे जातो. ज्यांच्या घरी कोको आणि बेकिंग पावडर कायम असते त्यांना पाकिटाची गरज नाही असं मी सरळ म्हणेन. पण होस्टेलवर राहणारे, ऑफिसातल्या पँट्रीत खाणारे, एकटे राहणारे, ज्यांनी कोकोचा डबा आणला तर तो वर्षभर तसाच पडून राहणार, त्यांच्यासाठी पाकीट बरोबर आहे, काही मोजायचं नाही आणि उरत काही नाही.

फ्लेवरमध्ये फक्त चॉकलेटचंच घ्या. व्हॅनिलाचंही करून बघितलं आणि ते जमलेलं नाही, कारण कोकोच्या बिया आधीच भाजलेल्या असतात त्यामुळे चॉकलेटच्या मगात भाजल्याची चव पुडीतूनच येते आणि रंगही गडद असल्यामुळे खरपूसपणा नसल्याचं जाणवत नाही. व्हॅनिलात झाकायला काहीच नाही, पांढरट फिका दिसतो आणि उकडलेल्या मैद्याची चव पुढे येते. ते पाकीट घरात आलंच असेल तर त्यात एक चमचा कोको घालून करा.